काचेच्या पेटीत समुद्र निवळविणारे फिलिप हेन्री गॉस

पावसाळ्यात नदीला नवे पाणी आले म्हणजे आपल्याकडे कळशीत तुरटीचा खडा फिरवितात. जुन्या चालीच्या घरांतून निवळीची बी उगाळून घालण्याचाही प्रघात होता. घटकाभर पाणी हलविले नाही की गाळ तळाशी बसतो व वरचे पाणी निवळशंख होते. ह्या उपायाची आपणांस इतकी सवय झालेली आहे की, कोणतेही गढूळ पाणी असेच निवळत असेल असा आपला सहज समज होतो. परंतु समुद्राचे पाणी काचेच्या पेटीत भरून त्यात समुद्रातील जीव पाळावयाचे कोणी मनात आणले, म्हणजे हा समज त्याच्या उपयोगी पडत नाही. पहिल्या दिवशी स्फटिकासारखे दिसणारे पाणी चार दिवसांत ताक मिसळल्यासारखे पांढुरके होते, त्यास दुर्गंधी सुटते, आणि आतील जीव एकामागून एक मरू लागतात. तेथे तुरटी घालून भागत नाही. तो गढूळपणा मातीचा नसून जिवांचा असतो. शिवाय तुरटीने खाऱ्या पाण्याचा अल्कधर्म कमी होऊन जे प्राणी जगावयाचे तेही संकटात पडतात.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडातील ज्या थोड्या माणसांनी ह्या कोड्याचा उलगडा केला, त्यांत फिलिप हेन्री गॉस ह्यांचे नाव प्रमुख आहे. ॲक्वेरियम हा शब्द आज जगभर ज्या अर्थाने चालतो, तो अर्थ त्यांनीच रूढ केला. हे गृहस्थ विद्यापीठात शिकलेले नव्हते, श्रीमंत तर मुळीच नव्हते. कारकून, शेतकरी, शाळामास्तर, पक्षी गोळा करणारा आणि पुस्तके लिहून पोट भरणारा लेखक, अशा नाना अवस्थांतून ते गेले.

त्यांचा जन्म 6 एप्रिल 1810 रोजी वुस्टर येथे झाला. वडील टॉमस गॉस हे हस्तिदंतावर लहान आकाराच्या तसबिरी काढणारे फिरते चित्रकार असून गावोगाव हिंडून मिळेल त्या गिऱ्हाइकाचे चित्र काढीत. लग्नापूर्वी एका घरी बाईसाहेबांची दासी म्हणून राहिलेली आई मोठी कष्टाळू व करारी होती, आणि संसाराचा गाडा खरे पाहता तीच ओढी. कुटुंब लवकरच दक्षिण किनाऱ्यावरील पूल ह्या बंदराच्या गावी येऊन राहिले. तेथे फिलिपला दोन गोष्टींचा लाभ झाला. वडिलांचे काम पाहून पाहून बोटाएवढ्या जागेत बारीक कुंचल्याने रेघ न रेघ उतरविण्याची कला त्याच्या हातात आली. आणि सुसान बेल नावाच्या आत्याने त्यास किडे, फुलपाखरे व बंदरातील समुद्रफुले पाहावयास शिकविले. समुद्रफूल हे वास्तविक फूल नव्हे. खडकास चिकटून राहणारा तो एक मांसाहारी प्राणी असून पाकळ्यांसारख्या दिसणाऱ्या भुजांनी तो भक्ष्य पकडतो. ओहोटीच्या वेळी आपल्या कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर जे हिंडले असतील त्यांना खडकांतील डबक्यांत असले जीव दिसले असतील. बोट लागताच ते मिटून मांसाच्या गोळ्यासारखे होतात. ह्या आत्याचा मुलगा टॉमस बेल हा पुढे इंग्लंडातील नामांकित प्राणिशास्त्रज्ञ झाला. फिलिपच्या नशिबी मात्र पंधराव्या वर्षीच एका व्यापाऱ्याच्या पेढीवर कारकुनी आली.

सन 1827 मध्ये सतरा वर्षांचा हा मुलगा अटलांटिक ओलांडून न्यूफाउंडलंड बेटावरील कार्बोनिअर येथे मासे व सील ह्यांचा व्यापार करणाऱ्या एका कंपनीत हिशेब लिहावयास गेला. तेथे त्याने आठ वर्षे काढली. दिवसा वह्या भरावयाच्या आणि फावल्या वेळी त्या थंड प्रदेशातील किडे गोळा करून त्यांची चित्रे काढावयाची, हा त्याचा क्रम होता. सन 1832 मध्ये सूक्ष्मदर्शक यंत्रावरील एक जुने पुस्तक त्याच्या हाती लागले, आणि त्याच वर्षी त्याच्या अंतःकरणात धर्मश्रद्धेचा पालट झाला. हे दोन प्रवाह पुढे जन्मभर त्याच्या ठायी जोडीने वाहत राहिले. एकाने दुसऱ्यास बळ दिले, आणि एके प्रसंगी मोठे नुकसानही केले. तो प्रसंग पुढे येईल.

त्यानंतरची चार वर्षे अपयशाची गेली. कॅनडातील कॉम्प्टन येथे मित्रांसह शेती केली, ती बुडाली. सन 1838 मध्ये अमेरिकेतील अलाबामा प्रांतात एका मळेवाल्याच्या आश्रयाने आठ महिने शाळा चालविली. मुलांना शिकवावे आणि उरलेल्या वेळात तेथील भडक रंगांच्या कीटकांची चित्रे काढावीत, ह्यात त्यांना आनंद होता. परंतु गुलामगिरीचे जे क्रौर्य त्यांनी डोळ्यांनी पाहिले त्यामुळे त्या देशात राहणे त्यांना अशक्य झाले. सन 1839 मध्ये ते इंग्लंडास परतले तेव्हा जवळ पैसा नव्हता. होते ते परतीच्या जहाजावर बसून लिहिलेले कॅनडातील निसर्गाविषयीचे हस्तलिखित. ते 1840 मध्ये छापले गेले आणि गॉस ग्रंथकार झाले. लंडनच्या हॅकनी भागात त्यांनी मुलांची एक लहानशी शाळाही घातली. ती काही फार भरभराटीस आली नाही.

सन 1844 मध्ये पक्षी व शंखशिंपले गोळा करण्याच्या कामावर ते जमेका बेटात गेले आणि ब्लूफील्ड्स येथे राहून दीड वर्षाने परतले. तेथील पक्ष्यांवरचा त्यांचा 1847 सालचा ग्रंथ अद्याप वाचण्यासारखा आहे. तत्पूर्वीचे पुष्कळ पक्षिशास्त्रज्ञ पेंढा भरलेल्या कातड्यांवरून वर्णने लिहीत. गॉस ह्यांनी जिवंत पक्षी झाडावर काय करतो हे लिहिले. त्या कामात त्यांना सॅम्युएल कॅम्पबेल नावाच्या एका कृष्णवर्णी तरुणाचे आणि मिश्रवंशीय न्यायाधीश रिचर्ड हिल ह्यांचे मोठे साहाय्य झाले. ते त्यांनी उघडपणे मान्य केले, आणि हिल ह्यांचे नाव तर ग्रंथाच्या मुखपृष्ठावर घातले. त्या काळी ही गोष्ट सामान्य नव्हती.

सन 1848 मध्ये एमिली बाउझ ह्या बाईंशी त्यांचा विवाह झाला. ती ख्रिस्ती पत्रके लिहिणारी, चाळिशी उलटलेली, विदुषी स्त्री होती. पुढच्या वर्षी त्यांना पुत्र झाला, तोच पुढे प्रसिद्धीस आलेला साहित्यिक एडमंड गॉस. त्या दिवशीच्या रोजनिशीत गॉससाहेबांनी पुत्रजन्माची नोंद केली आणि तिलाच जोडून जमेकाहून एक हिरवी पाकोळी येऊन पोहोचल्याचीही नोंद केली. ह्यावरून बापाला मुलाचे कौतुक नव्हते असे काही लोक म्हणतात. तसे नसावे. ज्या क्रमाने गोष्टी घडल्या त्या क्रमाने त्या लिहून ठेवाव्यात, ही निरीक्षकाची खोड त्यांच्या हाडीमाशी खिळली होती, एवढेच त्यावरून दिसते.

अतिश्रमाने प्रकृती बिघडल्यामुळे 1852 च्या आरंभी ते बायकोमुलासह डेव्हन परगण्याच्या किनाऱ्यावर गेले आणि तेथेच खाऱ्या पाण्याचा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. समुद्रातील जिवांची चित्रे काढावयाची, तर ते जिवंत पाहिजेत. मद्यार्कात घातलेले समुद्रफूल रंग व आकार दोन्ही गमावून बसते. बरे, ताटलीत समुद्राचे पाणी घेऊन त्यात ते ठेवावे, तर एकदोन दिवसांत पाणी बिघडते. आणि रोज नवे पाणी आणावयाचे तर समुद्रकाठी राहणाऱ्यासच ते साधेल.

ह्या प्रश्नावर त्यांच्याआधी इतरांनीही बुद्धी खर्च केलेली होती. ॲन थाइन नावाच्या एका बाईंनी 1846 मध्ये टॉर्कीहून काही जिवंत पोवळी लंडनला आपल्या घरी नेली. पाणी मर्यादित असल्यामुळे ते पुनःपुन्हा वापरावे लागे. म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात अर्धा अर्धा तास ओतीत बसे, की त्यात हवा मिसळावी. पुढे बाईंनी त्यात समुद्रातील शेवाळ आणून ठेवले, आणि मोलकरणीचे श्रम पुष्कळ हलके झाले. रॉबर्ट वॉरिंग्टन हे लंडनचे रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी गोड्या पाण्याच्या एका कुंडात दोन सोनेरी मासे व एक पाणवनस्पती ठेवली. वनस्पती उजेडात प्राणवायू सोडते, तो माशांस मिळतो. मासे कर्बाम्लवायू सोडतात, तो वनस्पतीस मिळतो. हिशेब बरोबर जमला. तरी थोड्याच काळात वनस्पतीची जुनी पाने कुजून पाणी गढूळ झाले आणि काचेवर हिरवा थर चढला. तेव्हा वॉरिंग्टन ह्यांनी त्यात पाच-सहा पाणगोगलगाई सोडल्या. त्यांनी कुजकी पाने व हिरवा थर खाऊन फस्त केला, त्यांची अंडी माशांनी खाल्ली, आणि पाणी पूर्ववत निवळले. हा प्रयोग त्यांनी 1850 मध्ये रसायनशास्त्र्यांच्या सभेपुढे मांडला. माझ्या मते मत्स्यालयाच्या इतिहासात ह्या गोगलगाईंचे स्थान माशांपेक्षा वरचे आहे. जीव व वनस्पती ह्यांची जोडी पुरेशी नसून, घाण खाणारा तिसरा कोणी तरी लागतो, हे त्यांनी दाखवून दिले.

खाऱ्या पाण्यात हेच साधेल काय, ह्याचा शोध वॉरिंग्टन व गॉस ह्या दोघांनीही 1852 मध्येच, एकमेकांवर अवलंबून न राहता, चालविला होता. गॉस ह्यांचे विशेष असे की, ते किनाऱ्यावर राहून प्रत्यक्ष डबक्यांचे निरीक्षण करीत होते. खडकातील डबके भरती-ओहोटीच्या मध्ये तासन्‌तास समुद्रापासून तुटलेले असते, त्यात शेकडो जीव असतात, तरी ते निर्मळ कसे राहते? गॉस ह्यांनी पाहिले की, चांगल्या डबक्याच्या भिंती शेवाळाने मढलेल्या असतात, आणि त्या शेवाळावर लहान लहान शंखी सदैव चरत असतात. त्याच धर्तीवर त्यांनी आपली भांडी सजविली. शेवाळ उपटून आणले तर ते मरते व पाणी नासते. म्हणून ते हातोडी व छिन्नी घेऊन जात आणि ज्या दगडावर शेवाळ उगवले असेल तो तुकडाच फोडून आणीत. त्यातही निवड होती. तपकिरी रंगाची जाड शेवाळे बुळबुळीत स्राव सोडून पाण्याचा रंग बिघडवितात. हिरवी व तांबडी पातळ शेवाळे चांगली. उन्हाची तिरीप थेट पडू लागली की पाणी हिरवे व अपारदर्शक होते, म्हणून पेटीवर आडोसा पाहिजे. जीव थोडे ठेवावेत. एखादा मेला तर तो तत्काळ काढावा. कारण एक मेलेला शिंपला रात्रीतून सगळे पात्र दुधाळ करून सोडतो.

काचेवर चढणाऱ्या हिरव्या बुरशीसाठी त्यांनी समुद्रातील शंखी ठेवल्या आणि त्या आपले काम कसे करतात हे भिंगातून पाहिले. शंखीची जीभ म्हणजे बारीक दातांची एक फीत असते. काचेवरून सरकताना ती जिभेचे फटकारे मारीत जाते आणि प्रत्येक फटकाऱ्यासरशी, कुरणात कोयत्याने गवत कापीत जाणाऱ्या माणसाच्या मागे राहतात तशा, स्वच्छ काचेच्या वाकड्या ओळी उमटत जातात. असे चित्र डोळ्यांपुढे उभे करण्यात त्यांचा हातखंडा होता. डेव्हनच्या किनाऱ्यावरील भटकंतीचे त्यांचे पुस्तक 1853 मध्ये निघाले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी जगातील पहिले मत्स्यालय उघडले, त्यास गॉस ह्यांनी आपले जीव दिले व वेमथच्या किनाऱ्यावरून आणखी गोळा करून पाठविले. सन 1854 मध्ये ‘द ॲक्वेरियम’ हा त्यांचा ग्रंथ त्यांनीच काढलेल्या रंगीत चित्रांसह प्रसिद्ध झाला. तोवर अशा पात्रास निरनिराळी लांबलचक नावे होती. गॉस ह्यांनी हा सुटसुटीत शब्द सुचविला आणि तो टिकला.

तथापि समुद्रापासून दूर राहणाऱ्यांची अडचण उरलीच. पिंपात भरून आगगाडीने आणलेले समुद्राचे पाणी लंडनकरांस महाग पडे आणि वाटेत ते पुष्कळदा नासे. म्हणून गॉस ह्यांनी समुद्राचे पाणी घरीच तयार करावयाचे ठरविले. श्वाइट्झर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने ब्रायटन येथील समुद्रजलाचे पृथक्करण करून ठेवले होते. त्याचा आधार घेऊन त्यांनी येणेप्रमाणे कृती बसविली: खाण्याचे मीठ साडेतीन औंस, एप्सम सॉल्ट पाव औंस, मॅग्नेशियम क्लोराइड 200 ग्रेन, पोटॅशियम क्लोराइड 40 ग्रेन, आणि हे सर्व विरघळविण्यास चार क्वार्टांहून किंचित कमी, म्हणजे सुमारे साडेचार लिटर, गोडे पाणी. समुद्रात ह्याखेरीज इतरही क्षार असतात, पण ते अल्प म्हणून त्यांनी सोडून दिले.

एप्रिल 1854 मध्ये त्यांनी हे पाणी तयार केले आणि स्पंजातून गाळून मिठाईवाल्याच्या दुकानात असते तशा एका काचेच्या बरणीत ओतले. तळाशी किनाऱ्यावरचे गोटे व हिरवे शेवाळ उगवलेले दगडाचे तुकडे होते. पाणी स्वच्छ दिसत होते, वजनकाट्यास उतरत होते. दुसरा कोणी असता तर त्याच संध्याकाळी त्यात समुद्रफुले सोडून मोकळा झाला असता. गॉस ह्यांनी तसे केले नाही. नुसते शेवाळ व पाणी ठेवून ते आठवडाभर थांबले. शेवाळाने आपली बीजे पाण्यात सोडावीत, न दिसणाऱ्या सूक्ष्म जिवांनी त्यात वस्ती करावी आणि मग मोठ्या प्राण्यांनी यावे, असा त्यांचा विचार होता. त्यानंतर त्यांनी समुद्रफुले व इतर जीव आत घातले, आणि ते सुखाने नांदले.

ह्या आठवड्याच्या थांबण्यात काय दडले होते हे गॉस ह्यांना संपूर्णपणे कळण्याचा संभवच नव्हता. आज आपणांस ते ठाऊक आहे, आणि ज्या विद्यार्थ्यांना अशी पेटी मांडण्याची हौस असेल त्यांनी ते नीट लक्षात घ्यावे. नव्या पेटीतील पाणी तीन-चार निरनिराळ्या कारणांनी गढूळ होते. वाळू नीट धुतली नसली तर तिची धूळ तरंगते. ती एकदोन दिवसांत बसते किंवा कापसाच्या गाळणीत अडकते. मीठ पुरते विरघळले नसले, किंवा थोड्या पाण्यात फार मीठ एकदम टाकले, तर चुन्याचा अंश साक्यासारखा वेगळा होऊन पांढरा ढग दिसतो. म्हणून मीठ निराळ्या भांड्यात ढवळून, दिवसभर ठेवून, मगच पेटीत ओतावे. हिरवा रंग आला तर तो सूक्ष्म वनस्पतींचा असून जास्त उजेडाने व जास्त अन्नाने वाढतो. पण चौथ्या दिवशी येणारा तो ताकासारखा पांढुरकेपणा हा सूक्ष्म जंतूंचा असतो. खाण्याचे उरलेले कण, मेलेले जीव व शेवाळ ह्यांवर हे जंतू झपाट्याने वाढतात आणि पाण्यातील प्राणवायू खाऊन टाकतात. सडण्यातून अमोनिया उत्पन्न होतो. हे खरे विष. दुसऱ्या एका जातीचे जंतू त्याचे नायट्राइट करतात, तिसऱ्या जातीचे त्याचे नायट्रेट करतात, आणि मग ते शेवाळास खत म्हणून उपयोगी पडते. हे उपकारी जंतू दगडांवर व वाळूवर वस्ती करतात, पण त्यांची वाढ फार मंद. नव्या पेटीत ती पुरी होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. जमिनीत असे नायट्रेट जिवंत जंतूच करतात हे 1877 मध्ये फ्रान्सातील श्लेझिंग व म्युन्त्स ह्यांनी दाखविले, आणि ते जंतू वेगळे करण्याचे श्रेय 1890 मध्ये रशियन शास्त्रज्ञ विनोग्राडस्की ह्यांस मिळाले. तेव्हा गॉस हयात नव्हते.

गॉस ह्यांनी समुद्रकाठचा जो दगड शेवाळासाठी फोडून आणला, त्याच दगडावर हे जंतूही बसून आले होते. त्यांच्या बरणीस आठवडा पुरला तो ह्यामुळे, आणि जीव थोडे ठेवल्यामुळे. आजही पांढुरके पाणी दिसताच घाबरून सर्व पाणी फेकून देणारा मनुष्य आपलेच काम लांबवितो. कारण नव्या पाण्यात तोच खेळ पुनः आरंभापासून सुरू होतो. पेटीत प्राणी नसतील तर अन्न टाकणे बंद करावे, पाण्यात हवा खेळती ठेवावी, मेलेले काही असल्यास काढावे आणि थांबावे. बहुधा पांढुरकेपणा काही दिवसांत आपोआप ओसरतो. प्राणी आत असतील तर मात्र थोडेथोडे पाणी बदलून अमोनिया पातळ करीत राहिले पाहिजे. आणि पाणी निवळले म्हणजे ते सुरक्षित झाले असेही नाही. अमोनिया डोळ्यास दिसत नाही, तो तपासावाच लागतो.

ह्या ग्रंथाने गॉस ह्यांना कीर्ती दिली आणि थोडा पैसाही दिला. 1856 मध्ये रॉयल सोसायटीने त्यांस आपले सभासद करून घेतले. परंतु ग्रंथाचा दुसरा परिणाम त्यांच्या मनात नव्हता. घरोघरी काचेच्या पेट्या मांडण्याची लाटच आली. सुटीच्या दिवशी आगगाड्या भरभरून लोक किनाऱ्यावर येत आणि हातोड्या घेऊन खडक फोडीत. डबक्यांतील जीव टोपल्यांनी नेले जात, घरी जात, आणि बहुतेक सर्व पहिल्या पंधरवड्यात मरत. कारण थांबण्याचा नियम कोण पाळतो? थोड्याच वर्षांत ती हौस ओसरली, तरी ज्या किनाऱ्यांवर गॉस ह्यांनी खडकन्‌खडक जिवांनी भरलेला पाहिला होता ते उजाड झाले. पित्याच्या पुस्तकांनीच त्या डबक्यांचा नाश ओढवला, ह्याचे दुःख त्यांस किती झाले हे त्यांच्या मुलाने पुढे लिहून ठेवले आहे. ह्यात दोष केवळ वाचकांचा होता असे म्हणवत नाही. छिन्नीचा उपयोग ज्यांनी इतक्या गोडीने वर्णिला त्यांनी तिला आवर घालण्याविषयीही तितक्याच आग्रहाने लिहावयास हवे होते.

सन 1856 मध्ये एमिलीबाईंच्या स्तनास कर्करोग झाल्याचे आढळले. शस्त्रक्रिया टाळून एका अमेरिकन डॉक्टरचे मलमांचे उपचार केले. ते अतिशय यातनामय होते आणि त्यांचा गुण आला नाही. 10 फेब्रुवारी 1857 रोजी त्या वारल्या. मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता.

त्याच वर्षाच्या अखेरीस गॉस ह्यांनी ‘ओम्फॅलॉस’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. ह्या ग्रीक शब्दाचा अर्थ बेंबी. भूगर्भशास्त्रज्ञ खडकांतील सांगाड्यांवरून पृथ्वी अतिप्राचीन आहे असे सांगत होते. गॉस ज्या बंधुमंडळीत होते तिची श्रद्धा उत्पत्तीच्या पुस्तकातील सहा दिवसांवर अक्षरशः होती. दोहोंचा मेळ घालण्यासाठी त्यांनी असा तर्क मांडला की, आदामाचा जन्म आईच्या पोटी झाला नसला तरी त्यास बेंबी असणारच. एदेन बागेतील झाडांना न गेलेल्या वर्षांची वलये असणारच. त्याचप्रमाणे पृथ्वीही, कधी न घडलेल्या भूतकाळाच्या खुणा अंगावर घेऊनच, निर्माण झाली. दोन्ही पक्ष आपले आभार मानतील अशी त्यांची अपेक्षा होती. शास्त्रज्ञ हसले, आणि भाविकांना, देवाने खडकांत खोटी साक्ष लिहून ठेवली असे म्हणणे सहन झाले नाही. त्यांचे स्नेही व समुद्रजिवांचे चाहते, धर्मोपदेशक चार्ल्स किंग्झली ह्यांनीही ह्याच कारणास्तव तो ग्रंथ नाकारला. प्रती पडून राहिल्या. मला वाटते, तर्कात चूक काढणे कठीण असले तरी तो तर्क निरुपयोगी होता. ज्याची कधीच परीक्षा घेता येत नाही असा सिद्धांत कोणास काय शिकवील? बरणीतील पाण्याविषयी जे गृहस्थ आठवडाभर न बोलता थांबले, त्यांना ह्या प्रश्नात मात्र थांबवले नाही. पत्नीच्या मृत्यूला तेव्हा वर्षही झाले नव्हते, हे ध्यानात घेऊन वाचकाने त्यांच्याविषयी मत बनवावे.

लंडन सोडून ते मुलासह डेव्हनमधील सेंट मेरीचर्च येथे कायमचे राहावयास गेले. तेथील लहानशा मंडळीचे ते पाळकही होते. ‘ओम्फॅलॉस’च्या अपयशाने ते खचले, तरी हात थांबले नाहीत. पुढल्या दोन-अडीच वर्षांत ब्रिटनच्या समुद्रफुलांवरचा त्यांचा ग्रंथ भागाभागांनी बाहेर पडला आणि 1860 मध्ये पुरा झाला. त्या विषयावर तो दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. त्यातील चित्रे पाहिली म्हणजे पित्याच्या फिरत्या धंद्याचे ऋण या मुलाने कसे फेडले हे कळते. सन 1860 मध्येच त्यांनी एलायझा ब्राइटवेन ह्यांच्याशी दुसरा विवाह केला. ह्या बाईंनी एडमंडला खरोखरीची माया दिली. मुलगा मोठा झाल्यावर पित्याच्या श्रद्धेपासून दूर गेला. त्या वियोगाची हकीकत त्याने 1907 मध्ये पुस्तकरूपाने लिहिली आणि पित्याचे नाव जगात आज मुख्यत्वे त्या पुस्तकामुळे घेतले जाते. ते पुस्तक सुंदर आहे, पण एकाच बाजूचे आहे. काचपेटीपुढे गुडघे टेकून बसलेला आनंदी मनुष्य त्यात थोडाच भेटतो.

मत्स्यालयाचे शास्त्र इतरांनी पुढे नेले. त्यांतील विल्यम आल्फर्ड लॉइड हे पूर्वी पुस्तकबांधणीचे काम करीत. लंडनच्या मत्स्यालयाने वेड लागून त्यांनी समुद्रजीव व समुद्रजल विकण्याचे दुकान काढले, आणि पुढे 1871 मध्ये सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमधील मोठे मत्स्यालय उभारले. दर्शनी टाक्यांत जेवढे पाणी, त्याच्या कितीतरी पट पाणी खाली अंधाऱ्या हौदात ठेवावयाचे व पंपाने ते अखंड फिरवावयाचे, अशी त्यांची योजना होती. अंधारात हिरवी बुरशी वाढत नाही आणि मोठ्या साठ्यात थोडीशी घाण विरून जाते. आजच्या मत्स्यालयांच्या तळघरांतूनही हेच तत्त्व चालते.

गॉस मात्र सार्वजनिक कामांतून दूर राहिले. उतारवयात त्यांनी काचगृहात ऑर्किडची फुले वाढविली, समुद्रातील जीव पुनः आणून पाळले, आणि पंचाहत्तरी गाठता गाठता रोटिफर नावाच्या सूक्ष्म जलजीवांकडे परतले. हे जीव डोक्यावर दोन चाके फिरत असल्यासारखे दिसतात व साचलेल्या पाण्याच्या एका थेंबात अनेक सापडतात. हडसन नावाच्या विद्वानाबरोबर त्यांवरचा मोठा ग्रंथ त्यांनी 1886 मध्ये पुरा केला. शेवटी शेवटी त्यांचा डोळा सूक्ष्मदर्शकावरून दुर्बिणीकडे वळला होता. हिवाळ्यातील एका रात्री उघड्या खिडकीपाशी तारे पाहत बसल्यामुळे त्यांस थंडी बाधली, छातीचे दुखणे जडले, आणि त्यातून ते पुरते उठले नाहीत. 23 ऑगस्ट 1888 रोजी सेंट मेरीचर्च येथील आपल्या घरी त्यांचा अंत झाला.